शून्य म्हणजे तळमजला

...नाही, पण मला तुम्हीच सांगा, माणूस कसा आहे एवढं विचारायला कागद किती लागावेत? मी लिफ्टमन होतो, एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत. जन्म त्या खोक्यातच गेला म्हणा ना, एक लाकडी स्टूल, एक पितळी दांडा आणि जाळीचं सरकतं दार. तर तिथं माणसं एकमेकांना विचारायची, "काय, कसं काय?" आणि दुसरा म्हणायचा, "बरं आहे." झालं, संपलं. दोन मजल्यांच्या मधे यापेक्षा जास्त बोलायला वेळच नसतो हो. कुणाची बायको नुकती गेलेली असायची, कुणाची नोकरी जायच्या बेतात असायची, पण सगळे बरेच असायचे, आणि मजला आला की मी दार ओढायचो आणि तो बरा माणूस बाहेर पडायचा. मला त्यात कधी काही उणं वाटलं नाही. आणि इथं इस्पितळात ती चुणचुणीत मुलगी येते, हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा, आणि मला म्हणते, "आजोबा, आजींच्या जगण्याचा दर्जा मोजायचाय." प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकोन. अजिबात नाही, थोडंसं, बऱ्यापैकी, खूप, फारच. पाचांतल्या एकात खूण करायची. बरं आहे, असा चौकोनच नाही त्यात... आता सांगा, कुठल्या चौकोनात खूण करायची माणसानं?

तुम्हाला सांगतो, मला यातलं काही कळत नव्हतं आणि अजूनही फारसं कळत नाही. आमच्या हिची मूत्रपिंडं गेली, दोन्ही. एक दिवसाआड मशीनला न्यावं लागतं, तिथं अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढतात, धुतात आणि परत आत घालतात, अर्धा दिवस त्यात जातो. या बाईनं जन्मात घरातली एक वाटी दुसऱ्या कुणाला धुवू दिली नाही, "तुम्ही ठेवा, तुम्हाला जमत नाही," आणि आता तिचं रक्त परकी माणसं धुतात आणि ती छताकडं बघत पडून राहते. पण कुरकूर म्हणाल तर नाही. दोन वर्षं होत आली, एका शब्दानं नाही. आणि मग एक दिवस, नळी लावलेलीच होती, डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा ही त्यांना म्हणाली, दूधवाल्याला सांगावं ना, तशी, "पुढच्या महिन्यापासून नको."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, बसल्या. म्हणाल्या, "नको म्हणजे काय होईल, माहीत आहे ना, मावशी?"

"आहे माहीत. थोड्या दिवसांत जाईन."

"सुईचं दुखतं का फार?"

"छे. सुईचं काय..."

"मग?"

तर ही पांघरूण नीट करायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाई नाही. हा महिना जाऊ दे. ठरवायचं तुम्हीच, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही, पण तुमचं खरं कसं चाललंय ते आधी मला नीट कळू द्या." मी तिथंच उभा होतो, हिच्या चपला हातात घेऊन. मला कुणी काही विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी काय बोललो असतो... तोंडात आलं असतं, बरं आहे.

तर ती कागदवाली मुलगी आली ती या सगळ्यात. चांगली पोर हो, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला म्हणाली, "आजोबा, मापं पुष्कळ आहेत. आम्ही तीन निवडलीत, त्यातलं आपल्या पेशंटना कुठलं बरोबर बसेल ते ठरवायचंय." मी म्हटलं, कापड मोजायचं तर मीटर, दूध मोजायचं तर लिटर, ताप मोजायचा तर ती काचेची नळी, आता जगणं मोजायचं तर कशानं गं? ती म्हणाली, "तेच तर ठरवायचंय. म्हणून तर पेशंटना आणि घरच्यांना विचारतोय. आमच्या मनानं घेतलं आणि तुम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं तेच त्यात नसलं, तर काय उपयोग?" आता इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, विचार बाई.

पहिलं माप म्हणजे पुस्तकच होतं. पानं उलटता उलटता हिचं मशीन संपत आलं. मुलगी वाचायची, ही उत्तर द्यायची, आणि मी मधे बसून कुठं खूण करायची ते बघत राहायचो. "आजी, खूप लांब चालत जाताना त्रास होतो का?" ही म्हणते, "कशाला जाऊ? कुणी बोलावलंय?" आता... कुठल्या चौकोनात? "आजी, गेल्या महिन्यात अंगात भरपूर उत्साह होता असं कितपत वाटलं?" ही म्हणते, "तू किती वर्षांची आहेस गं?" मुलगी म्हणाली, "सव्वीस." "मग तू कर खूण." बाजूच्या बिछान्यावरचे मास्तर हसले, नळी हलली म्हणून नर्स ओरडली. पुढचा प्रश्न, "आजी, जड वस्तू उचलताना त्रास होतो का?" तर ही एकदम शांतपणे म्हणाली, "मी कुठली उचलतेय? जड वस्तू मीच. मला उचलतात." सगळे हसले. मीपण हसलो. तुम्हाला सांगतो, मीसुद्धा हसलो...

त्याच्या पुढचा प्रश्न होता जिन्याचा. जिना चढता-उतरताना कितपत अडचण येते? आणि तिथं मी कागदावरून नजर काढली. कारण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसा. सगळे हसतात. जन्मभर लिफ्ट चालवली आणि घर बघितलं ते बिनलिफ्टचं. पण माझंही ऐकून घ्या, दिवसभर लोकांना वर पोचवायचं आणि आपण रिकामं खोकं घेऊन परत खाली यायचं, कितीही वर जा, संध्याकाळी माणूस तळमजल्यालाच. तेव्हापासून मनात होतं की घर मात्र वर घ्यायचं. खिडकीतून झाडाचा शेंडा दिसला पाहिजे. घेतलं. तळमजल्यावर शिवणक्लासवाली बाई राहते, तिला रस्त्याची धूळ सोसत नाही, खोकते बिचारी. दोनदा वर येऊन म्हणाली, "काका, अदलाबदल करू या का? खोल्या तेवढ्याच आहेत." मी म्हटलं, "छे छे, आमच्या हिला वरची हवा मानवते." ही तिथंच भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

आता हिला जिना उतरवत नाही, तर माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे, त्याच्या वडिलांनाही त्याच मशीनवर आणतात, म्हणजे ते मास्तर, बाजूच्या बिछान्यावरचे. तो आणि त्याचा एक माणूस येतात, हिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, एक पुढून धरतो, एक मागून, आणि मी पुढं पुढं, "जपून, वळण आहे, जपून." शेजारी दारं उघडतात, भिंतीला चिकटून वाट देतात, कपाट निघालं की देतात ना, तशी. ही डोळे मिटून घेते. मला वाटायचं, घेरी येत असेल.

तर त्या गॅरेजवाल्यानं इस्पितळाच्या चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्हाला म्हणून सांगतो, हे आकडे वरती जातात. मशीन कमी, माणसं जास्त. ज्याचा आकडा खाली, त्याला म्हणणार, तुमच्या जगण्याला दर्जाच नाही, तुम्ही उठा आता." मी म्हटलं, "असं कुणी म्हणालं?" तो म्हणाला, "म्हणत कुणी नसतं हो काका, करतात." आता याला काही आधार नव्हता, हे मला नंतर कळलं, पण माणूस घाबरलेला असला की त्याला आधार कशाला लागतो? माझ्या डोक्यात बसलं. ही आधीच नको म्हणतेय, त्यात जिन्याच्या प्रश्नावर हिचा आकडा पार तळाला जाणार, मग डॉक्टरीणबाई कशाला आग्रह करतील? म्हणतील, मावशी, तुमचं बरोबर आहे. आणि माझी बायको जाणार... एका चौकोनापायी.

मग मी काय केलं? जो माणूस लिफ्टमध्ये चार शब्द बोलला नाही त्यानं प्रचार केला. हो. घरच्या माणसांची बैठक होती, कुठलं माप बरं ते सांगायला, तर मी आधी बाहेरच्या बाकावर एकेकाला गाठलं. "ते पुस्तक नको हो, फार लांब आहे. त्यात जिना आहे." कुणी म्हणे, "जिन्याचं काय?" मी म्हणे, "आपल्या माणसांना जिन्याचं कशाला विचारायचं, उगाच मन दुखतं." लोकांना पटलं. खरं म्हणजे लोकांना लांब आहे एवढंच पटलं. बैठकीत मी उभा राहिलो, म्हटलं, "ताई, जिन्याचा प्रश्न काढा." तिनं मान डोलावली, लिहून घेतलं, आणि म्हणाली, "का काढायचा, आजोबा?" मी म्हटलं, "त्याचा काही संबंध नाही."

संबंध नाही. ऐकलंत ना? असं म्हणालो मी.

दुसरं माप होतं पाच ओळींचं, ते कुणाला फारसं आवडलं नाही, मास्तर म्हणाले, "एवढ्यात माझा खोकलासुद्धा बसत नाही." तिसरं होतं ते मला बघताक्षणी आवडलं. कागदावर एक उभी पट्टी, खाली शून्य, वर शंभर. शंभर म्हणजे तब्येत याहून चांगली असूच शकत नाही, शून्य म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आज तुम्ही कुठं आहात तिथं रेघ मारा. बस्स. जिना नाही, जड वस्तू नाही, उत्साह नाही. म्हटलं, हे आपलं माप. सगळ्यांनी तेच म्हटलं, आणि ठरलं की सुरुवात त्यानं करून बघायची.

आता माझं शहाणपण ऐका. मुलगी पट्टी घेऊन आली, हिच्यापुढं ठेवली, समजावून सांगायला लागली, तेवढ्यात पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली. जाताना मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही समजावू नका हं. घरच्यांनी समजावलं की उत्तर बदलतं. मी आलेच." मी मान हलवली. ती वळली मात्र, मी हिच्या कानाशी. "अगं, सोपं आहे. लिफ्ट समज. ही उभी लिफ्ट. शंभर म्हणजे पार वरचा मजला, गच्ची. शून्य म्हणजे तळमजला. तू कुठल्या मजल्यावर आहेस ते दाखवायचं. जितकं वर दाखवशील तितकं चांगलं." ही म्हणाली, "कोणासाठी चांगलं?" मी म्हटलं, "अगं, आपल्यासाठी." तिनं चष्मा लावला, पट्टीकडं बराच वेळ बघितलं. मला म्हणाली, "तिकडं बघा." मी तिकडं बघितलं. पेन्सिलीचा आवाज आला, एवढासा.

वळून बघतो तर शून्यावर रेघ. अगदी तळाला, कागद फाटेल अशी, ठसठशीत.

तुम्हाला सांगतो, लिफ्टची दोरी तुटली तर काय होईल, हे लोक मला नेहमी विचारायचे. मी म्हणायचो, तुटत नाही हो. त्या दिवशी कळलं काय होतं ते. बाहेर जाऊन पाण्याच्या नळाशी उभा राहिलो, नळ सोडला आणि नुसताच उभा राहिलो. आपली बायको आपल्यासोबत, आपल्या घरात, झाडाचा शेंडा दिसतो अशा खिडकीशी, आणि ती म्हणते, याहून वाईट असूच शकत नाही. म्हणजे मी काय केलं इतकी वर्षं? याला... याला कुठल्या चौकोनात...

नळ कुणीतरी बंद केला. बघतो तर डॉक्टरीणबाई, हातात ती पट्टी. त्या म्हणाल्या, "काका, आत चला. मावशींना मला एकटं गाठून विचारायचं नाहीये, तुमच्यासमोर विचारायचंय." आत गेलो. त्यांनी ती पट्टी हिच्या मांडीवर ठेवली, आणि ओरडणं नाही, घाबरणं नाही, म्हणाल्या, "मावशी, ही रेघ इथं का मारली, सांगाल?"

ही माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "यांनीच सांगितलं, शून्य म्हणजे तळमजला."

"बरं. मग?"

"मग काय... मला तिथं राहायचंय."

कागदवाली मुलगी दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई जवळ सरकल्या. "कुठं राहायचंय?"

"खाली. एक दिवसाआड मला कपाटासारखी उतरवतात, एक दिवसाआड चढवतात. लोक भिंतीला चिकटून उभे राहतात. तो गॅरेजवाला भला माणूस आहे, पण त्याचा श्वास माझ्या मानेवर येतो हो. मी डोळे मिटून घेते. वाटतं, असं उतरण्यापेक्षा एकदाचंच उतरावं. सुईचं काही नाही मला. मशीनचंही नाही."

"मग हे यांना का नाही सांगितलंत?"

ही हसली. थोडीशीच. म्हणाली, "यांना वरती राहायचं असतं. जन्मभर लोकांना वर सोडून खाली आलेत. एवढी एकच हौस केली त्यांनी, ती मी कशी मोडू? त्यापेक्षा आपणच..."

आता तुम्ही म्हणाल, बायको मरायला तयार झाली आणि घर बदला म्हणायला तयार नाही, असं कुठं असतं का? असतं. आमच्याकडं असतं. मी तिच्या पायाशी बसलो, पाय सुजलेले होते, चपला त्याही दिवशी माझ्याच हातात. म्हटलं, "अगं वेडे, शेंडा काय, खालून बुंधा दिसेल." ती म्हणाली, "डास असतात खाली." मी म्हटलं, "असू देत." ती म्हणाली, "बघा हं, मग मला बोलायचं नाही." मी म्हटलं, "तुला कधी बोललोय?" तर डॉक्टरीणबाईंकडं बघून म्हणते, "हे असंच. एका जागी बसून जन्म काढलेला माणूस." आणि बाई हसल्या, आणि मग हिला विचारलं, "मग पुढच्या महिन्याचं काय, मावशी?" ही म्हणाली, "आधी खाली तर जाऊ दे, मग बघू." नको म्हणाली नाही. मी नीट ऐकलं. नको म्हणाली नाही.

शिवणक्लासवालीला विचारायला गेलो तर ती माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शिवणाचं मशीन उचलायला लागली. गॅरेजवाल्यानं सामान उतरवलं. त्या दिवशी खरं कपाट उतरलं, आणि ही खाली दारात खुर्ची टाकून बसली होती आणि ओरडत होती, "जपून, वळण आहे, जपून." मी गॅरेजवाल्याला म्हटलं, "आकडे वर जातात म्हणाला होतास ना?" तो म्हणाला, "काका, मी ऐकीव सांगितलं." आकडे कुठं गेले नाहीत हो. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच राहतात, आणि त्या बघून विचारतात, एवढंच.

आणि ठरलं काय शेवटी? त्यांनी पट्टी ठेवली, आणि पुस्तकातले थोडे प्रश्न ठेवले, जिन्याचा तर सगळ्यात वर. मुलगी मला म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळं ठेवला." चांगल्या मनानं म्हणाली, पण मी चार दिवस तिच्यासमोर मान वर केली नाही.

परवा ती परत आली कागद घेऊन. "आजी, जिना चढता-उतरताना कितपत अडचण येते?" ही म्हणाली, "जिनाच नाही आता." मुलगी पेन्सिल धरून बसली... आता याला कुठल्या चौकोनात खूण करायची? ती म्हणाली, "वरती विचारते." मग पट्टी काढली, आणि मला दाराकडं बोट दाखवलं. मी मुकाट्यानं बाहेर गेलो, दार ओढून घेतलं, तेवढं मला येतं.

घरी आल्यावर राहवेना. आता आम्ही दारातच बसतो संध्याकाळी, येणारा-जाणारा विचारतो, "काय आजी, कसं काय?" आणि ही म्हणते, "बरं आहे." पुढचा महिना आला आणि गेला, अजून जातोय मशीनला. किती दिवस, ते मी विचारत नाही. पण म्हटलं, "रेघ कुठं मारलीस गं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नुसतं विचारतोय."

"मधेच कुठंतरी. वर नाही, खाली नाही."

"मधे म्हणजे? मजला कुठला?"

तर म्हणाली, "लिफ्ट अडकते ना कधी दोन मजल्यांच्या मधे, तसं. तुम्हीच सांगायचात ना, लोक घाबरायचे, आणि तुम्ही आपलं स्टूल त्यांना द्यायचात आणि म्हणायचात, बसा, मी आहे आत."

मी म्हटलं, "अगं, पण मग कुणीतरी येऊन उघडायचं."

"येतील तेव्हा येतील," म्हणाली. "तोवर जरा सरका तिकडं. ऊन माझ्या पायावर येऊ दे."

सरकलो. आणखी काय करणार? पुढच्या वेळी ती पोर विचारेल, आजोबा, तुम्ही कसे आहात... आणि मी आपला बघत बसणार, कुठल्या चौकोनात खूण करू.